अर्ध्या सँडविचची खूण

३ ऑक्टोबर
सगळं बदललं ते मार्चमध्ये, डोंगराच्या पूर्वेच्या सोंडेवर. कॉलेजच्या ट्रेकला मॉर्व्हनने तिचं अर्धं सँडविच मला दिलं. चीज आणि गोड लोणचं. आठवण म्हणून मी तिथे एक दगड ठेवला. महिन्याभरात कॉलेज सोडलं. कारण प्राध्यापकांशी मतभेद. मॉर्व्हन त्या लंबूटांग कॅलमबरोबर फिरते, याचा काही संबंध नाही.

५ ऑक्टोबर
त्या दगडावर रोज एक दगड चढवतोय. रास कमरेइतकी झाली. बाबांनी विचारलं, रोज मेंढ्या बघायला वर जातोस, मग मेंढ्या खाली कुरणात कशा? राग आवरला. (एक कप फुटला.)

८ ऑक्टोबर
पोस्टात कळलं, शनिवारी कॉलेजचा ट्रेकिंग क्लब येतोय. मॉर्व्हन पण. निश्चय : मी तिच्यासमोर जाणार नाही. ती रास बघेल आणि समजेल. नजरेतून सुटायला नको म्हणून मोठ्या वाटेपासून तिथपर्यंत तीन छोट्या राशी रचल्या. पुढे सोंड कड्यावर संपते, पण तिथवर कोण जातंय.

१२ ऑक्टोबर, सकाळी ९
आठ जण वर गेले. मी गावच्या सभागृहामागे सहज उभा होतो. तिने मान हलवली. बहुतेक मलाच.

दुपारी २
धुकं उतरलं. उत्तम. धुक्यात माणूस दगडच बघत चालतो.

५.४०
अजून परत नाहीत. शोधपथकाचा म्हातारा स्ट्रूअन घरोघर विचारतोय, कुठल्या बाजूला गेले असतील. माहीत नाही म्हणालो.

५.५५
स्ट्रूअनला राशींचं सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर, सकाळी
सगळे जिवंत. कड्याखालच्या कपारीत सापडले. मॉर्व्हनचा पाय मोडला. स्ट्रूअन दारातूनच म्हणाला, "पोरा, डोंगरावर दगडावर दगड ठेवला की त्याचा अर्थ ‘इकडून या’. दुसरा अर्थ नाही."

दुपारी
हॉस्पिटलात गेलो. तिला सगळं सांगितलं. रास, मार्च, सँडविच. तिने प्लास्टरखालची उशी सरकवली.
"कुठलं सँडविच?"
चीज आणि लोणचं, म्हणालो.
"लोणचं असलं की मी ते कुणालातरी देऊनच टाकते, रूरी. मला आवडत नाही."

४ वाजता
बाबा पहार घेऊन अंगणात थांबलेत. चारही राशी आज मोडायच्या. वही इथेच ठेवतो. दार बाहेरून ओढून घेतो.