चुना चुकवलेली ओळ

विटा. दिवाळीच्या तोंडावर, १९७४. मंगळवार संध्याकाळ.

"दार उघडंच आहे, मग थांबलीस का?"

आमच्या बाहेरच्या भिंतीवर गेरूनं हे कुणी लिहिलं, देव जाणे. काल सकाळी सासूबाईंनी विचारलं, "काय लिवलंय गं ह्ये?" त्यांना वाचता येत नाही. हे फौजेत, घरात आम्ही दोघीच. माझ्या तोंडून पटकन गेलं, "आवं, सरकारी जाहिरात हाय. पुसायची न्हाई."

खोटं का बोलले मी? ओळ राहावी म्हणून? माझ्यासाठीच लिहिली आहे असं वाटलं म्हणून?

साताऱ्याला शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी निवड झाल्याचं पत्र महिनाभर ट्रंकेत साड्यांखाली आहे. येत्या सोमवारी हजर व्हायचंय. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आज भिंतीला चुना दिला. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी कुटुंब नियोजनाची जाहिरात पुसली, तेव्हा सरकारी साहेब त्यांच्या दारात येऊन ओरडून गेले होते. सासूबाईंना ते आठवलं. तेवढा भाग त्यांनी स्वतःकडे घेतला आणि बारीक कुंचल्यानं, एकेक अक्षर चुकवत, तासभर चुना लावला. एक थेंब अक्षरावर पडू दिला नाही. आता पांढऱ्याशुभ्र भिंतीवर फक्त ती ओळ, गल्लीच्या टोकावरूनसुद्धा वाचता येते. थांबलीस का. पाण्याला जाताना वाचली, येताना वाचली.

दिवे लागले तशा सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "शालन, दार लाव गं. डास याया लागलं."

मी उठले. उंबऱ्यातून वाकून ती ओळ पुन्हा वाचली आणि कडी लावली.