ताईच्या पापण्या

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज साठीला टेकलेल्या ताईचा हेवा वाटतो म्हणून मी तुला लिहायला बसले आहे. मोडनिंबच्या घरी चुलीपुढं भाकरी थापता थापता तू म्हणायचीस, "थोरलीचं डोळं बघ की, कसं टपोरं हायती. तू आपली कायम झोपेतनं उठल्यावानी." हसूनच म्हणायचीस. मी मान खाली घालून पीठ मळत राहायचे.

वयानं ताईच्याही पापण्या लोंबायला लागल्या तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. पण मागच्या महिन्यात तिनं सोलापुरात पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलं. सोबतीला मीच. डॉक्टरांनी आम्हा दोघींना समजावलं. पापणीपुरती भूल देऊन जादा कातडी काढायची, टाक्यांची खूण पापणीच्या घडीत लपते. दोनेक आठवडे सूज आणि काळंनिळं राहील, एखादा डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त सुजेल, घाबरून जाऊ नका. भीतीनं ताईचं कशातच लक्ष नव्हतं. मी सगळं ऐकलं.

ती आमच्याकडेच राहिली. डोक्याखाली दोन उशा, थंड पट्ट्या, डोळ्यांत थेंब, सगळं मी केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आरशापुढं रडतेय. "डावा डोळा वाकडा झाला की गं माझा! डॉक्टर असलं काही म्हणाले होते का?"

"आठवत नाही बाई," मी म्हणाले.

आठवत होतं, आई. शब्दन् शब्द. दुपारपर्यंत मी तिला रडू दिलं, मग पट्टी बदलताना सांगितलं.

आठवड्यानं टाके निघाले, हळूहळू सूजही उतरली. परवा एका लग्नात एका बाईंनी ताईकडं बघत मला विचारलं, "ह्या तुमच्या धाकट्या का?" ताईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "हिच्यामुळं निभावलं सगळं." मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

काल मी एकटीच त्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी माझ्या पापण्या उचलून पाहिल्या. "कातडी सैल नाही, नजरेच्या आड येत नाही. ठेवणच अशी आहे तुमची. त्रास नेमका कशाचा होतो?"

ताईचा होतो, हे कसं सांगू? "सहज आले होते," म्हणाले आणि बाहेर येऊन चपला घातल्या. तू विचारलं असतंस तर तुलाही हेच म्हणाले असते. हे तुला पोचणार नाही, म्हणून तरी एवढं लिहिलं.