पेजेचं पातेलं

आई, तुझ्यावर आणि साऱ्या जगावर एकदम संतापलेय मी, आणि हे ऐकून घेणारं घरात दुसरं कोणी नाही. आपल्या जिन्याखाली मांजरीचं एक पिल्लू एकटंच राहिलं होतं, मूठभर, पिवळट. त्याला मी वर आणलं आणि तू जिन्यातल्या मांजरांना घालायचीस तसाच मऊ दहीभात घातला, तिन्ही त्रिकाळ. दहीभातानं बरं न होणारं दुखणं देवानं निर्मिलंच नाही, हे तुझंच वाक्य. पिल्लाला हगवण लागली, डोळे चिकटले, मान धरवेना. तरी मी आपली घोटून घोटून भात भरवतेच आहे.

आपल्या वेस्ट मांबलममधला जनावरांचा नवा दवाखाना पाहून तू पदर खोचून भांडली असतीस. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर झुपकेदार कुत्र्यांचे फोटो. काउंटरवरच्या मुलीनं टोपलीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. आधी विचारलं, "ब्रीड कुठलं?" मी म्हटलं, "जिन्याखालचं." तिला हसू आलं नाही. रक्त तपासा, स्कॅन करा, दोन दिवस इथे ठेवा, आणि त्याआधी पैसे भरा. आकडा ऐकून वाटलं, हिनं माझंच ऑपरेशन काढलंय. कमी खर्चात काही होईल का, तर म्हणे, "मॅडम, रस्त्यावरच्या पिल्लासाठी एवढं कशाला?" मला काय संताप आला म्हणून सांगू! तिला तमिळमध्ये झाडलं, आणि तेही पुरेना तेव्हा आपल्या मराठीत. शब्द कळले नसतील, पण पोचले असावेत.

मग टोपलीवर ओला पंचा टाकून मांबलम स्टेशनवरून गाडी पकडली आणि सरकारी दवाखाना गाठला. तिथे गाई, शेळ्या, पाय मोडलेली कुत्री, आणि सगळ्यांच्या मागे मी. उन्हात उभं राहून पाय भरून आले, पण ब्रीड कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी पिल्लाच्या कातडीखाली सलाईन सोडलं, जंताचं औषध दिलं, आणि खायला काय घालता म्हणून विचारलं. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "अम्मा, तुमच्या घरात आणलं म्हणून ते तुमच्या जातीचं होतं का? उकडलेली कोंबडी द्या, बिनमिठाची. आजच. नाहीतर उद्यापर्यंत राहणार नाही." पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. पण हे ऐकून मी तिथल्या बाकावर बसले ती उठवेना.

कारण मला तो दिवस आठवला. मी सात-आठ वर्षांची, परकराच्या ओच्यात पिल्लू घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी. तू मडीत, म्हणजे सोवळ्यात, ओल्या साडीनं रसमला फोडणी देतेयस. नुसता पिल्लाचा पाय तुझ्या साडीला लागला. तू चूल विझवलीस, पुन्हा न्हायलीस, पुन्हा पहिल्यापासून रांधलंस, आणि आम्हाला जेवायला दुपार टळली. संध्याकाळी मात्र तूच नारळाच्या करवंटीत दहीभात कालवून जिन्यात ठेवलास. ते पिल्लू जगलं नाही, आई. मी रडले तेव्हा तू म्हणालीस, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. आयुष्य कसलं? त्याला आपण आपल्या सोवळ्यावर पोसत होतो.

येताना पाठीमागच्या गल्लीतल्या कोंबडीच्या दुकानात गेले. डोक्यावरून पदर, कोणी ओळखीचं दिसतंय का म्हणून इकडे तिकडे बघतेय. दुकानदारानं विचारलं, "बिर्याणीला का, अम्मा?" हो म्हटलं, काय सांगणार. घरी हे नुसते "तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात?" एवढंच बोलले आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरात कांदासुद्धा तुझ्या वारांप्रमाणे चिरला जातो, हे तुला ठाऊक नसेल.

पिल्लानं चाटून पुसून खाल्लं. आता ते उंबऱ्याच्या आत, शेगडीच्या उबेला झोपलंय, आणि मी त्याला उठवणार नाहीये. हे सगळं तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मी वेगळं भांडं विकत आणणार होते. पण फळीवर तुझं ते चिमुकलं पातेलं दिसलं, घरात कोणी तापानं पडलं की ज्यात तू पेज करायचीस आणि एरवी कोणाला हात लावू द्यायची नाहीस. कोंबडी मी त्यातच उकडली.