केंदूरच्या गोठ्यातली अर्धी ट्यूब

मंगळवार, संध्याकाळ. शिरूर.

केंदूरच्या आबांच्या गाईला तिसऱ्यांदा दगडी झालीय, कास सुजून दगडासारखी. दुधाचा रिपोर्ट आज आला. पेनिसिलिनच्या जातीचं एकही औषध लागू पडत नाही. हे औषध जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही, पण या जंतूकडे एक जादा जनुक आहे. त्यातून भिंत बांधणारा असा गवंडी तयार होतो, की त्याला औषध चिकटतच नाही. भिंत उभी राहते. गाईचा सड मात्र जाणार.

सांगायला गेलो, तर गोठ्याच्या कोनाड्यात सडात सोडायच्या औषधाची टोपण लावलेली अर्धी ट्यूब.

"दूध नितळ झालं की थांबतो. उरल्याली दुसऱ्या गाईला," आबा म्हणाले.

मी भडकलोच. अर्ध्या औषधात नेमके असलेच जंतू मागं उरतात! "असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच की, डाक्टर. नवीन आला व्हता तवा."

खरंच बोललो असेन? औषध वाया जाऊ नये म्हणून? मला आठवत नाही. आबा खोटं बोलत नाहीत.

ती अर्धी ट्यूब उचलून आणलीय, समोर टेबलावर आहे. नवीन होतो तेव्हा रोज सात-आठ गोठे फिरायचो. तिथंही हेच सांगितलं असेल?