पोपट थोरल्याला, कबुतरं धाकट्याला

हा कागद सापडला म्हणजे तो कुठे ठेवलाय हे तुमच्यापैकी कोणाच्या तरी लक्षात राहिलं, नवलच म्हणायचं. थोरल्या, चष्मा शोधू नकोस, कपाळावर आहे. धाकट्या, गॅस बंद केलास का बघून ये. मग दोघे बसा आणि ऐका.

मी, तुमची आई, शिवणकामावर संसार रेटलेली, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा सांगते आहे. मला अक्षरओळख नाही. लिहिते आहे नात. ती म्हणते, "आजी, मृत्युपत्रात गॅसचं लिहीत नाहीत." मी म्हटलं, "मरणार कोण, तू की मी? लिही."

१. खालचा मजला थोरल्याचा. वरचा मजला व गच्ची धाकट्याची. जिना सामाईक, त्यात भिंत घालायची नाही.

२. शिलाई मशीन व कात्र्या नातीला. बँकेतली शिल्लक दोन्ही सुनांना निम्मी निम्मी. मुलांच्या हाती दिली तर पिंजरेच येतील.

३. आता पक्षी, ज्यांच्यापायी तुमचा अबोला आहे. थोरल्याने शेजारणीकडून ऐकलं की पाखरांना दात नसतात, दाणा दळायला पोटात खडे लागतात. कबुतरांपुरतं ते खरं. पण याने पोपटाच्या वाटीतही खडे ओतले. का रे, विचारलं तर म्हणे, "आई, तू आम्हां भावांत कधी भेद केलास का?" त्या समानतेपायी पोपटाच्या पोटात खडे अडकले, मरता मरता वाचला. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कबूतर दाणा सालासकट गिळतं, त्याला खडे हवेत. पोपट सोलून खातो, त्याला नकोत. धाकट्याने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं आणि गच्चीवरच्या कबुतरांचेही खडे फेकून दिले. कबुतरं खंगली. तेव्हापासून हा म्हणतो "तो पोपटमाऱ्या", तो म्हणतो "हा कबूतरमाऱ्या", आणि निरोप घेऊन जिना चढते मी. माझ्यामागे कोण चढणार?

तुम्ही दोघेही पाखरांसारखेच. थोरला ऐकलेलं सालासकट गिळतो. धाकटा सोलतो खरा, पण गर टाकून साल ठेवतो.

४. म्हणून पोपट थोरल्याला आणि कबुतरं धाकट्याला. नातीने उलटं लिहिलेलं नाही. ज्याच्या हातून जे पाखरू जायची वेळ आली, तोच आता त्याला डोळ्यांत तेल घालून जपेल. धाकट्या, पोपट आजारी होता तेव्हा तुझा भाऊ पिंजऱ्यापाशी बसून रडला. तू खाली आला नाहीस, म्हणून तुला ठाऊक नाही. आणि थोरल्या, हा कबुतरांना एकेक दाणा हातावर भरवत होता, ते तू वर न गेल्यामुळे पाहिलं नाहीस.

५. शेजारणीला माझा राग देते. जुना आहे, पण अजून उसवलेला नाही.

स्थळ: माझी खोली, मशीनशेजारी
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार
सही: डाव्या हाताचा अंगठा. शाई जास्त लागली, तो डाग नव्हे.
साक्षीदार: पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई, समोरचा चांभार (पक्षी पाळत नाही, म्हणून निःपक्षपाती)

ताजा कलम: मी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून थोरल्याने बाजरी आणि धुतलेले बारीक खडे वर न्यायचे. धाकट्याने पोपटासाठी सफरचंदाची फोड खाली आणायची, बिया काढून, त्या पोपटाला बाधतात. सोबत भावासाठीही एक फोड आणावी. तिच्यातल्या बिया नाही काढल्या तरी चालेल.