सरळ रेघ

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. आयुष्याला शिस्त हवी.
मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ती नासलेली बॅच शुक्रवारपर्यंत शुद्ध करून दाखवा, नाहीतर गॅस क्रोमॅटोग्राफ चष्मेवालीकडे देतो आणि तुम्ही काचसामान सांभाळा. चष्मेवाली माझ्या मागून लागलेली केमिस्ट. दोन दिवसांत करतो म्हणालो. सरांनी घड्याळ पाहिलं. विश्वास आहे माणसाचा.

४ मार्च
बॅच पुन्हा डिस्टिल केली. क्रोमॅटोग्राफचं मशीन सकाळपासून टूं टूं करत होतं. नव्या मशिनांना लक्ष वेधून घ्यायची खोडच असते. सेटिंगमध्ये जाऊन आवाज बंद केला. घरीही हेच तंत्र आहे. ही बोलू लागली की 'हं' म्हणायचं. शांतता राहते.

५ मार्च, दुपार
सुईने थेंब आत सोडला. मशीन प्रत्येक घटक वेगळा करून स्क्रीनवर त्याचा एकेक डोंगर काढतं. रेघ सरळ. एकही डोंगर नाही, म्हणजे एकही अशुद्धी नाही! पुन्हा सोडला. पुन्हा सरळ. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हल्ली होत नाहीच.
चष्मेवाली डोकावली. म्हणाली, सर, अशुद्धी गेली ते ठीक, पण मालाचा स्वतःचा डोंगर कुठे गेला? ज्यात माल विरघळवला त्या सॉल्व्हंटचा तरी? म्हटलं, मॅडम, जरा अनुभव येऊ द्या. म्हणाली, आतली हायड्रोजनची ज्योत पेटलीये ना, एकदा बघू या का? सगळं तिच्यातच जळून मोजलं जातं. म्हटलं, असले पोरखेळ तुमच्या बॅचवर करा.
जळते बिचारी. चालायचंच.

६ मार्च
ही म्हणाली, काही दिवस आईकडे जाते. हं म्हटलं. म्हणाली, काही म्हणजे किती, एवढं तरी विचाराल? विचारणारच होतो, पण डोक्यात उद्याचं प्रेझेंटेशन. तेवढ्यात दार लागलं.
संकल्प: रविवारी तिच्याशी सविस्तर बोलणे.

७ मार्च
सर रेघ बघत राहिले. म्हणाले, वा, एकदम सपाट. मी मान लववली. चष्मेवालीने चष्मा काढून ज्योत असते त्या डिटेक्टरच्या तोंडावर धरला. ज्योत जळत असली की वाफ होते, काच धुरकटते. काच लख्ख. टूं टूं त्यासाठीच होती म्हणे. सरांनी विचारलं, चार दिवस ज्योत विझलेली आणि तुम्हाला पत्ता नाही?
हं म्हटलं.

८ मार्च, शनिवार
काचसामानाची खोली. उजेड छान. चिंतनाला पोषक. फ्लास्क मोजले, मग बसलो.
घरी येऊन हिला फोन लावला. नुसती रिंग. स्वयंपाकघरात उभा होतो. माझा चष्मा काढला, तोंडासमोर धरला, श्वास सोडला. किंचित धुरकटला. की आधीपासूनच मळका होता?
एका रीडिंगवर निष्कर्ष काढू नये. उद्या पुन्हा बघू.