कोंबडीचे चार पाय

ब्रेन्या, लिमा
ऑक्टोबरचा तिसरा सोमवार

तीर्थस्वरूप दोमितिलाताईस धाकट्या युफेमियाचा साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच केला असं समज. कंबर धरली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? वांकायोच्या थंडीत लोकरीचे पायमोजे घालतेस ना, की दिसायला बरं दिसत नाही म्हणून अजून खुंटीवरच? भावोजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, धाकट्या मेहुणीने विचारलंय, आणि सिगारेट सोडल्याच्या थापा मला मारू नका.

तीन वर्षांत एक ओळ नाही, आणि आज बसच्या पार्सलातून हे जाडजूड पाकीट आलेलं बघून तू आधी शेवटचं पान उघडशील, हे मला ठाऊक आहे. लहानपणापासूनची खोड. तसं करू नकोस. ओळीने वाच, मीही ओळीनेच भोगलंय. आणि यातला शब्दन् शब्द खरा आहे, कारण महिना जांभळ्या झग्याचा. प्रभूच्या नवसाचा झगा अंगावर आहे, कमरेला पांढरी दोरी आहे, आणि तो उतरेपर्यंत खोटं बोलायचं नाही असा नवस आहे. महिन्यात एकदाच बोलले. म्हणजे दोनदा. ते पुढे येईलच.

तर ताई, तेओफिलोचं बाहेर काहीतरी आहे असा मला संशय आला.

हसू नकोस. मीही आधी स्वतःला तेच समजावलं. सव्वीस वर्षांचा संसार, माणूस दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडून बसतो आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच घड्याळांच्या तब्येती सांगतो. अशा माणसावर कोणती बाई जीव टाकणार? पण मांजर डोळे मिटूनच दूध पितं. ऑगस्टपासून हा दर शुक्रवारी दुकान अर्धा तास उशिरा बंद करायला लागला. विचारलं तर म्हणाला, भिंतीवरचं एक मोठं घड्याळ आलंय, हट्टी आहे. मी धुवायला काढलेल्या विजारीचे खिसे बघते (बघते म्हणजे, धुण्यात काही जाऊ नये म्हणून), तर त्यात टेलिफोनची सात टोकनं. ज्या माणसाने लग्नानंतर स्वतःच्या आईला वर्षातून एकदा फोन केला, त्याच्या खिशात सात टोकनं! आणि नखांत वास. मी झोपल्याजागी त्याचा हात हुंगला. आल्याचा वास. आपल्याकडे आलं कोण आणतं? मला आवडत नाही म्हणून सव्वीस वर्षांत या घरात आल्याचा तुकडा आलेला नाही.

तरीही मी गप्प होते. (होते, ताई. ओतिलियाला सोडून कोणाला सांगितलं नाही, आणि ओतिलिया शेजारीण, म्हणजे घरचीच.) पण मग बाजारात फेलिपाने मला गाठलं. फेलिपा माझी कोंबडीवाली, अठरा वर्षांची. म्हणजे आमचा व्यवहार अठरा वर्षांचा. आपल्यात कोंबडीवाली बदलणं हे नवरा बदलण्याच्या खालोखाल, हे तुला सांगायला नको. फेलिपा सुरी खाली ठेवून, बांधलेल्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाली, "कासेरा, माझं काही चुकलं का? काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा. तुमचे मालक पलीकडच्या कोंबडीच्या गाळ्यावर निकोलासाकडे जातात. दर शनिवारी. आणि ती त्यांना हसून वर घालते." मी विचारलं, वर काय घालते? फेलिपाने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "पाय. चार-चार पाय."

आता तूच सांग. मी अठरा वर्षांची गिऱ्हाईक, मला फेलिपा वर घालते एक मान, तीही नाताळात. आणि निकोलासा, जी आपल्या सख्ख्या भावाला सुद्धा मोजून देते, ती माझ्या नवऱ्याला चार पाय फुकट देते, ते काय त्याच्या भिंगाकडे बघून? मी घरी येऊन फ्रीज धुंडाळला. पाय नाहीत. म्हणजे पाय मिळाले आणि घरी आले नाहीत. मग गेले कुठे? कोणीतरी कुठेतरी ते शिजवत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मला एकच दिसत होतं, की सव्वीस वर्षांनंतर माझं ताट मी एकटीच वाढून घेतेय. रडले सुद्धा. हे ओतिलियाला सांगितलं नाही, तुला सांगतेय.

शेवटचा पुरावा परवाच्या शुक्रवारी हाती आला. घड्याळाच्या डबीत घडी करून ठेवलेला कागद, त्याच्या अक्षरात. 'रविवार. ती मिरवणुकीला गेल्यावर. पिवळ्या मिरच्या दोन. बिअर एक. तिला कळता कामा नये.' त्यातली 'ती' मी, हे कळायला मला वकील लागला नाही. आणि लगेच संध्याकाळी हाच माणूस मला गोड आवाजात म्हणतो, "युफे, यंदा प्रभूच्या मिरवणुकीला अगदी शेवटपर्यंत जा हं, सावकाश ये, पाय दुखले तर बस कुठेतरी." सव्वीस वर्षं हा माणूस मिरवणुकीच्या नावाने बोटं मोडतोय!

काल रविवारी मी झगा घालून, मेणबत्ती घेऊन, त्याला दिसेल अशी कोपऱ्यापर्यंत गेले आणि मागच्या गल्लीने ओतिलियाच्या गच्चीवर चढले. (प्रभूची क्षमा मागितली आहे. तो उचलून नेणाऱ्यांच्या खांद्यावर होता, मला शोधत बसला नसेल.) तिच्या गच्चीवरून आमचं स्वयंपाकघर सरळ दिसतं. वाळत घातलेल्या चादरींच्या मधे आम्ही दोघी उभ्या. ओतिलियाचा चष्मा खाली राहिला होता आणि चष्म्याशिवाय तिला स्वतःचा हात दिसत नाही, पण चष्मा आणायला जावं तर तेवढ्यात बाई यायची, म्हणून ती हलेना. सगळं मलाच सांगावं लागत होतं.

"काय करतोय?"

"एप्रन बांधतोय. माझा."

"अगं बाई. आली का ती?"

"अजून नाही."

त्याने टेबलावर दोन ताटल्या मांडल्या. दोन पेले. माझा चांगला टेबलक्लॉथ, जो मी धाकट्या लेकीच्या लग्नासाठी राखलाय. ओतिलियाने माझा दंड घट्ट धरला. मग त्याने कोंबडीचे तुकडे काढले, बारीक, एकसारखे, चिमट्याने स्प्रिंग उचलावी तसे एकेक उचलून सोया सॉसमध्ये बुडवले. कांदा जाड उभा, टोमॅटो, पिवळी मिरची. आणि आलं. किसत होता, ताई, ज्या माणसाला अंडं उकडताना पाणी लागतं हे माहीत नव्हतं तो आलं किसत होता, आणि दर दोन मिनिटांनी खिशातला कागद वाचून भिंगातून घड्याळ बघत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, की ज्याला कागद बघावा लागतो त्याला शिकवणारी त्या घरात नसते. पण रागात माणसाचं डोकं चालत नाही.

मग त्याने मोठं पातेलं ठेवलं, पाणी उकळलं, आणि पिशवीतून काढले ते पाय. चारही. नखं छाटलेले, साफ केलेले. किसलेल्या आल्यासकट पातेल्यात टाकले, झाकण ठेवलं आणि तासभर त्या पातेल्यासमोर स्टुलावर बसून राहिला. त्याच पाण्यात मग नूडल्स सोडल्या. पाय काढून कागदात गुंडाळून कचऱ्याच्या अगदी तळाशी घातले, वर बटाट्याची सालं पसरली. पुरावा नष्ट. मग कढई तापवली, कोंबडी थोडी थोडी परतली, कांदा, टोमॅटो, बिअरचा एक घोट कढईला आणि एक स्वतःला. आणि शेवटी त्या पायांच्या पाण्याचे दोन डाव नूडल्सवर.

ताई, 'एक कढईला, एक स्वतःला' असं जगात फक्त एकच बाई करायची.

"काय टाकलं पातेल्यात? मघाशी काहीतरी टाकलं ना?" ओतिलिया विचारत होती. तिला वासावरून चैन पडत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बटाटे." हे पहिलं खोटं.

कारण त्या गच्चीवर, कोणाच्या तरी ओल्या चादरीला धरून, मला एकदम सगळं लखलखीत कळलं: सात टोकनं तुला वांकायोला फोन करायला, आणि आधीचे पाय दुकानातल्या सरावात गेलेले. मी पाच वर्षांची असताना ताटात कोंबडीचा पाय बघून टेबलाखाली शिरले होते आणि दोन दिवस जेवले नव्हते, आठवतं? त्यानंतर आपल्या घरात पाय कधी दिसला नाही. दिसला नाही एवढंच. आई गेल्यावर वर्षाच्या प्रार्थनेच्या दिवशी मी तुला विचारलं, आईच्या नूडल्सना तसा चिकट रस कशाने यायचा, माझ्या एक तर कोरड्या होतात नाहीतर पाणचट. आणि तू म्हणालीस, "आईने सांगितलंय, युफेमियाला सांगायचं नाही." तू आईची काळी कढई काखोटीला मारून बसमध्ये चढलीस आणि मी फाटकातून ओरडले की आईची लाडकी तू आणि मी रस्त्यावर सापडलेली. तीन वर्षं मला वाटत होतं, आईचा माझ्यावर विश्वास नव्हता. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. (नाही भिजत. मान्य.) आणि ती बिचारी मला चाळीस वर्षं पाय (आणि आलंही) खाऊ घालत होती, आणि मी ताटली चाटत होते.

मी खाली उतरले. ओतिलियाला म्हटलं, कोणी बाई नाही, मी जाते. ती फार निराश झाली.

दार उघडलं तर तेओफिलो दोन ताटल्यांसमोर एप्रन घालून बसलेला, माझी वाट बघत. मला इतक्या लवकर बघून त्याचा चेहरा पडला, कारण कोथिंबीर चिरायची राहिली होती. म्हणाला, "दर रविवारी तू म्हणतेस, तशा नूडल्स आता जन्मात मिळायच्या नाहीत. कान किटले माझे, युफे. म्हणून म्हटलं, बघू." एवढंच. तुझं नाव नाही, टेलिफोनचं नाव नाही. मी बसले. पहिला घास घेतला आणि वरचा ओठ खालच्याला चिकटला. आई आपली तोंडं पुसताना काय म्हणायची? "चिकटलं ना तोंड? आता घटकाभर गप्प." मी घटकाभर गप्प बसले. तेओफिलो घाबरला, त्याने मला सव्वीस वर्षांत इतकं गप्प बघितलं नव्हतं. मी दोन ताटल्या खाल्ल्या, आणि कढईला चिकटलेलं पावाने पुसून घेतलं. त्याने विचारलं, कसं झालंय? मी म्हणाले, "मीठ कमी."

तर असं आहे सगळं. बाकी इकडे ठीक. निकोलासाबद्दल मी बाजारात जे काही बोलले ते परत घ्यायला उद्या जायचंय. फेलिपाला काय सांगावं ते अजून सुचलेलं नाही. भावोजींना नमस्कार, मांजराला नको, त्याने मला बोचकारलं होतं.

तुझी (रस्त्यावर न सापडलेली)
युफेमिया

ता. क. हे पत्र बसस्टँडवर तेओफिलो नेऊन देणार आहे. पाकिटाच्या डिंकाखाली माझा एक केस चिकटवलाय. तो तुटलेला असला तर मला कळव. आणि मी पाय बघितले हे त्याला सांगू नकोस. त्याला वाटू दे की मला माहीत नाही. ओतिलियाला मी आजही बटाटेच म्हणतेय. काल दुपारपासून आज संध्याकाळपर्यंत, ताई. आईला हे खरं वाटलं नसतं.

ता. क. दुसरा. कढई मला नको, हे तीन वर्षांपूर्वी म्हटलं होतं तेच आजही म्हणते. पण तो आमच्या पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात परततो आणि कांदा खाली लागतो. पार्सलाने पाठवू नकोस, त्या लोकांचा काही भरवसा नाही, हरवतात. स्वतः काखोटीला मारून घेऊन ये. महिनाअखेरीला आईचं चौथं वर्ष आहे. पलंग एकच रिकामा आहे, भावोजी बाकावर झोपतील.

ता. क. तिसरा. शुक्रवारी तो तुला फोन करेल आणि मीठ किती वाढवू म्हणून विचारेल. वाढव म्हणू नकोस. ते दुसरं खोटं होतं. मीठ आईच्या हाताचंच होतं.